चटणीच्या आधी एक्झॉस्ट पंखा बसवायचाय (जुनं घर, शिवाजी पेठ)

रंकाळ्याचा_वारा
2 मार्च, रात्री 9.15

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, आजोबांनी बांधलेलं. पुढं सोपा, मधली खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं चार हातांचं परडं. भिंती दगडमातीच्या, दीड फूट जाड. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही शेगडीच्या डाव्या हाताला लागून. फोडणी टाकली की धूर मधल्या खोलीत, तिथून सोप्यात. आलेला पाहुणा चहाच्या आधी ठसका घेतो.

आईला हिवाळ्यापासून खोकला आहे. डॉक्टरांनी औषध दिलं आणि उठता उठता विचारलं, "स्वयंपाकघरात धूर कोंडतो का हो?" आता एप्रिलमध्ये वर्षाची चटणी व्हायची. ब्याडगी, जवारी मिळून सहा किलो मिरची भाजायची. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्ही तर सोडाच, शेजारचं मांजरसुद्धा दोन दिवस फिरकलं नाही.

शाहूपुरीत दोन दुकानं फिरलो. एक म्हणाला 12 इंची घ्या डोळे झाकून, दुसरा म्हणाला 6 इंची रग्गड झाला. एका वायरमननं भिंत कोरणं, मीटरपासून नवीन लाइन, पंखा असं सगळं धरून साडेआठ हजार सांगितले. माझ्या खिशात चार हजार आहेत.

किती इंची घ्यावा? एवढी जाड भिंत फोडायलाच लागते का? नवीन लाइन खरंच हवी का? आणि आई ओल्या हातानं बटण दाबते, त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

तिकटीवरचा_तात्या
2 मार्च, रात्री 9.32

12 इंची घे भावा. गिरणीगत वढतंय. धूर काय, वरचं पत्र्याचं डबं बी जातील.

उद्यमनगर_लेथ
2 मार्च, रात्री 11.05

तात्या, डबे जाऊ देत, आवाजाचं काय? 12 इंची पंखा नऊ-दहा फुटी खोलीत लावला की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आमच्या शेडमध्ये आहे, माहीत आहे.

रंकाळ्याचा_वारा, इंच बाजूला ठेवा आणि आधी टेप घ्या. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि 35 नं भागा. खोलीत किती घनमीटर हवा आहे ते कळलं. घरगुती स्वयंपाकघरात तासाला 15 ते 20 वेळा हवा बदलली की काम भागतं. तुमच्याकडं मिरची भाजायची आहे म्हणजे 20 धरा. जो आकडा येईल तेवढी हवा पंख्यानं तासाला बाहेर टाकायला हवी. पंख्याच्या डब्यावर हा आकडा छापलेला असतो, घनमीटर प्रति तास या मापात. काही कंपन्या घनफूट प्रति मिनिट देतात, त्याला 1.7 नं गुणा.

एक गोम आहे. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. मागं झडप आली, पक्ष्यांची जाळी आली, दीड फुटाची भिंत आली की पंखा तेवढं ओढत नाही. म्हणून गणितापेक्षा पाव हिस्सा जास्त घ्या.

आणि खरा मुद्दा पुढंच आहे, जो दुकानदार कधी सांगत नाही. पंखा जेवढी हवा बाहेर टाकणार तेवढी आत यायला पाहिजे. खोलीला वाट नसेल तर 12 इंचीसुद्धा नुसता घरघरतो. 8 इंची पंख्याचं तोंड साधारण 50 चौरस इंच. बंद दाराखालची अर्ध्या इंचाची फट, दार अडीच फुटाचं असलं तर, 15 चौरस इंच. म्हणजे तोंड मोठं आणि नाक दाबलेलं. हवा येण्याची वाट पंख्याच्या समोरच्या बाजूला पाहिजे, म्हणजे ती शेगडीवरून वाहत जाऊन बाहेर पडते.

रंकाळ्याचा_वारा
3 मार्च, संध्याकाळी 7.40

मोजलं. 10 बाय 9, उंची 9 फूट. 810 घनफूट, भागिले 35 म्हणजे 23 घनमीटर. वीस पट 460. पाव हिस्सा वाढवला तर 575.

आज परत दुकानात गेलो आणि सगळे डबे उलटे करून वाचले. दुकानदाराला वाटलं मी किंमत शोधतोय. 6 इंची तासाला तीनशे घनमीटरच्या आत-बाहेर, 8 इंचीत कंपनीप्रमाणं पाचशे ते सहाशे, 12 इंची हजाराच्या पुढं. म्हणजे 8 इंची, त्यातलाही जरा जास्त ओढणारा.

आणखी एक गंमत. आईला म्हटलं भिंतीला भोक पाडायला लागणार, तर ती म्हणाली, "पाडतोस कशाला, हाय की. झरोका हाय तिथं." ओटा केला त्या साली कबुतरं येतात म्हणून विटा लावून बुजवलेला झरोका! शेगडीच्या भिंतीलाच, पण दोन फूट उजवीकडं आणि छताच्या खाली हातभर. त्यावर गिलावा असल्यानं मला पत्ताच नव्हता. ठोकून बघितलं, पोकळ वाजतं.

सुगरण_बावडा
3 मार्च, रात्री 8.20

आईंना माझा नमस्कार सांगा. जुन्या लोकांनी झरोका तिथंच का ठेवला असेल, धूर वर जातो म्हणूनच ना. आपण टाइल्स लावल्या आणि तो बुजवला.

जागा चांगली आहे. पंखा बरोबर शेगडीच्या डोक्यावर नको. माझ्या पहिल्या पंख्याचं तसंच झालं होतं, वाफ आणि तेल सरळ मोटारीत, दोन वर्षांत जाम. दोन फूट बाजूला असला की धूर ओढतो आणि आच लागत नाही.

चिमणी घ्या म्हणून कोणी सांगेलच, म्हणून आधीच सांगते. माझ्या बहिणीकडं आहे. चिमणी धूर शेगडीवरच पकडते, हे खरं. पण तिचा पाइप बाहेर काढलेला हवा. पाइप न काढता नुसती जाळीतून हवा फिरवणारी घेतली तर तेल अडकतं, पण उष्णता आणि मिरचीचा ठसका खोलीतच राहतो. आपल्या फोडणीला ते चालत नाही. आणि पाइपवाली चांगली घ्यायची तर चार हजारांत भागत नाही.

आणि सहा किलो मिरची घरात भाजू नका हो. परडं आहे ना? कढई आणि शेगडी तिथं न्या. पंखा रोजच्या स्वयंपाकासाठी.

रंकाळ्याचा_वारा
3 मार्च, रात्री 8.41

ताई, परड्यात भाजलं की शेजारच्या काकू खिडकी आपटतात. पण ऐकतो तुमचं. निम्मी आत, निम्मी बाहेर.

झरोक्याच्या वर लाकडी तुळई आहे. गवंड्याला सांगू का जरा मोठा कर म्हणून? झरोका 9 बाय 12 इंच आहे. 8 इंची पंखा बसेल ना?

उद्यमनगर_लेथ
3 मार्च, रात्री 10.12

तुळईच्या टोकाखाली हात लावू नका. तिचं वजन त्याच दगडांवर आलंय. झरोका आहे तेवढाच ठेवा, फार तर बाजूनं इंचभर.

8 इंची म्हणजे पात्यांचा घेर. भोक त्याहून मोठं लागतं. किती, ते डब्यावर किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. आमच्या एका गिऱ्हाइकानं 6 इंची पंख्यासाठी सहा इंचाचं गोल भोक पाडून घेतलं आणि मग पंखा हातात घेऊन अर्धा तास भिंतीकडं बघत बसला. 9 इंचात कदाचित अडेल, म्हणून आधी पंखा आणा, मग विटा काढा. उरलेल्या जागेत लाकडाची चौकट ठोका आणि पंखा चौकटीला स्क्रूनं धरा, मध्ये रबराचे वायसर घाला. मातीच्या भिंतीत सरळ खिळे मारले तर सहा महिन्यांत खिळखिळं होतं आणि सगळी भिंत गुणगुणायला लागते.

काँक्रीटच्या घरात राहणाऱ्यांसाठी: खांब, बीम आणि खिडकीवरचा लिंटेल यांना भोक पाडायचं नाही. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली ड्रिल मारू नका, आतली वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते.

रंकाळ्याचा_वारा
6 मार्च, रात्री 9.02

पंखा आणला. 8 इंची, लोखंडी बॉडी, आयएसआय शिक्का बघून. 1,650 रुपये. त्याला तीन वायरी आहेत, लाल, काळी आणि हिरवी. बोर्ड उघडला तर आमच्याकडं दोनच! तीन पिनच्या सॉकेटची वरची मोठी पिन रिकामी. फ्रिज, मिक्सर सगळं इतकी वर्षं तसंच चाललंय.

हिरवी नुसती टेप लावून सोडून देऊ का?

नवा_भिडू_07
6 मार्च, रात्री 9.20

सोप्पं आहे. बोर्डातच न्यूट्रलवरून एक तुकडा काढून मोठ्या पिनला जोडा. आमच्या वायरमननं सगळ्या घरात तसंच दिलंय, शेवटी दोन्ही जमिनीलाच जातात. खर्च शून्य.

फेज_न्यूट्रल_काका
6 मार्च, रात्री 9.34

नव्या भिडू, तुमच्या घरातले ते तुकडे उद्या सकाळी काढून घ्या. चेष्टा करत नाही. मी तीस वर्षं हेच काम केलं आणि या एका तुकड्यानं माणूस गेलेला डोळ्यांनी बघितलाय.

ऐका. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही कळत नाही. पण ज्या दिवशी बोर्डाच्या मागं न्यूट्रल तुटेल किंवा स्क्रू ढिला होईल, त्या दिवशी फेज पंख्याच्या मोटारीतून फिरून त्या तुकड्यावाटे सरळ पंख्याच्या लोखंडी बॉडीवर येतो. 230 व्होल्ट. पंखा बंद पडलेला दिसतो, माणूस म्हणतो बघू काय झालं आणि हात लावतो. अर्थिंगची वायर याच्यासाठीच वेगळी असते, तिच्यातून रोजचा करंट जायचाच नाही.

रंकाळ्याचा_वारा, हिरवी टेप लावून सोडायची नाही. लोखंडी बॉडीला अर्थिंग हवंच. काही प्लॅस्टिक बॉडीच्या पंख्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं आणि दोन वायरी पुरतात. पण तो पंखा आणला म्हणून तुमच्या फ्रिजचा आणि मिक्सरचा प्रश्न सुटत नाही. परडं आहे, तिथं अर्थिंगचा खड्डा करून घ्या. पाइप, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी. तिथून तांब्याची वायर मेनबोर्डाला आणि मग सगळ्या सॉकेटांना.

खड्डा झाला म्हणून विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. वायरमनला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगा. फेज-न्यूट्रलमध्ये जसा लागतो तसाच लख्ख लागला पाहिजे. मिणमिणला तर खड्ड्यात दम नाही. नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका, तो तुटक्या अर्थलासुद्धा कधी कधी व्होल्टेज दाखवतो. हे काम परवाना असलेल्या माणसाचं, तुमचं नाही.

ओल्या हातांसाठी आणखी एक. मेनला आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) बसवा, 30 मिलिअँपिअरचा. साधा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. करंट अंगातून जमिनीकडं निघाला की आरसीसीबी क्षणात पाडतो. त्याच्यावर चाचणीचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. (आरसीसीबी बसवल्यावर तो टेस्ट लॅम्प फेज-अर्थला लावला की आरसीसीबी पडणार, घाबरू नका, तेच त्याचं काम. म्हणून लॅम्पची तपासणी आधी.)

आता वाचवायचं कुठं ते सांगतो. नवीन लाइन अजिबात नको. तुमचा पंखा 40 वॅटचा धरला तर पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. स्वयंपाकघरातल्या बोर्डावर रिकामं बटण असेल तर तिथूनच काढा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरवर मोजून घ्या, 90 मीटरचं बंडल कशाला. भिंत खोदू नका, वरून पट्टी मारा. मात्र पट्टी शेगडीच्या वरून न्यायची नाही, आचेनं वायरचं आवरण मऊ पडतं. बटण मोरीपासून लांब, हात पुसून दोन पावलं टाकायला लागतील एवढं. बटण फेजवर तोडलेलं पाहिजे. न्यूट्रलवर तोडलं तर पंखा थांबतो पण आत जिवंतच असतो. आणि भिंतीतून वायर बाहेर जात असेल तर तिथं तिला खाली झोळ द्या, पावसाचं पाणी झोळातून टपकेल, पंख्यात शिरणार नाही.

नवा_भिडू_07
6 मार्च, रात्री 9.58

काका, अंगावर काटा आला. उद्याच बोलावतो.

तिकटीवरचा_तात्या
7 मार्च, सकाळी 8.10

ह्ये बाकी बेस झालं. पंखा असला म्हंजे ग्यास लीक झाला तरी चिंता न्हाई, बटण दाबलं की ग्यास भाईर.

फेज_न्यूट्रल_काका
7 मार्च, सकाळी 8.22

तात्या, देवासारखे धावून आलात, हे राहिलंच होतं. उलट आहे. गॅसचा वास आला की एकही बटण दाबायचं नाही, लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. बटणात ठिणगी पडते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो आणि पंखा छताखाली असतो. पाइपचा गॅस हलका असतो, तो वर जमतो, म्हणजे ठिणगीच्या आणखी जवळ. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं, आणि फोन बाहेर जाऊन, सिलिंडरचा गॅस असेल तर 1906 ला.

तिकटीवरचा_तात्या
7 मार्च, सकाळी 8.25

बरं झालं बोललो मग.

भाड्याची_खोली
7 मार्च, दुपारी 1.15

मी राजारामपुरीत भाड्यानं राहते. मालक भिंतीला खिळाही मारू देत नाहीत. आम्ही काय करायचं?

सुगरण_बावडा
7 मार्च, दुपारी 2.40

खिडकीचं वरचं एक तावदान काढायचं. त्याच मापाची प्लायवूडची फळी सुताराकडून गोल कापून आणायची, दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारायचा आणि त्यात प्लॅस्टिकचा 6 इंची पंखा. काच कपाटामागं जपून ठेवायची. खोली सोडताना काच परत लावली, पंखा पिशवीत. मी लग्नाआधी तीन खोल्या बदलल्या, पंखा तोच. काच फोडून कापून घेण्यापेक्षा हे स्वस्त. फक्त मालकांना सांगून करा.

कळंब्याची_सून
7 मार्च, दुपारी 3.30

धागा वाचून आमच्या बाथरूमचा विचार आला. आत गॅस गिझर आहे, वाफ फार होते आणि हल्ली सासूबाईंना अंघोळ करून आल्यावर डोकं दुखतं. तिथं एक 6 इंची लावला तर चालेल ना?

उद्यमनगर_लेथ
7 मार्च, दुपारी 3.41

ताई, आज रात्रीपासून तो गिझर बंद ठेवा. बाहेर चुलीवर नाहीतर बंबात पाणी तापवा, पण तो लावू नका.

डोकं वाफेनं दुखत नाही. बंद खोलीत गिझरच्या ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस दार उघडायच्या आतच खाली बसतो.

आणि पंखा लावला की बरं होईल असं वाटतं, तिथंच फसगत होते. दार बंद, खिडकी बंद, वर पंखा सुरू. पंख्याला हवा पाहिजे, ती मिळेल तिथून तो ओढणार. गिझरच्या वरून जो जळका वायू बाहेर जायला बघतोय तोसुद्धा तो खोलीत उलटा ओढून घेऊ शकतो. म्हणजे आपण पैसे खर्चून धोका वाढवला.

गिझर बाहेर काढा. गॅलरीत किंवा परड्यात, पावसापासून आडोसा करून, सिलिंडरही तिथंच. आत येणार फक्त गरम पाण्याचा पाइप. त्यानंतर वाफेसाठी पंखा खुशाल लावा, बटण बाथरूमच्या बाहेर, आणि दाराला खालून जाळीची पट्टी कापून घ्या. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडं नेऊन हे सगळं सांगा.

कळंब्याची_सून
7 मार्च, रात्री 8.05

बंद केला. ह्यांना वाचून दाखवलं, प्लंबरला रविवारी बोलावलंय. सासूबाई म्हणतात, एवढ्या वर्षांत काही झालं नाही. त्यांना काकांचं न्यूट्रलचं वाक्य वाचून दाखवलं, शाबूत आहे तोवर काही कळत नाही. मग गप्प बसल्या.

रंकाळ्याचा_वारा
21 मार्च, रात्री 10.30

झालं एकदाचं. अर्थिंगचा खड्डा परड्यात, लॅम्प लख्ख लागला. आरसीसीबी बसला. झरोक्याच्या विटा काढल्या तर आत कबुतराचं जुनं घरटं, काड्या आणि आजीचा हरवलेला पितळी डबा! डब्यात चार आणे आणि सुपारी. आई तो डबा घासत तासभर बसली होती.

पंखा चौकटीत घट्ट आहे, आवाज सहन होण्यासारखा. पण काम करत नाही हो. संध्याकाळी सुकट भाजली, वास अगदी सोप्यापर्यंत. पंख्याला कागद धरला तर चिकटतो, म्हणजे ओढतोय. उलटा फिरत नाही. मग धूर जातो का नाही?

उद्यमनगर_लेथ
21 मार्च, रात्री 10.44

शेगडीजवळची खिडकी उघडी होती का?

रंकाळ्याचा_वारा
21 मार्च, रात्री 10.47

होय, मुद्दाम उघडली. तुम्हीच म्हणालात हवेला वाट पाहिजे.

उद्यमनगर_लेथ
21 मार्च, रात्री 10.59

समोरच्या बाजूला म्हणालो होतो. खिडकी आणि पंखा दोन-तीन फुटांवर असतील तर पंखा खिडकीचीच ताजी हवा ओढून परत बाहेर टाकतो. खोली जिथल्या तिथं. खिडकी लावा, मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवा, सोप्याची एक खिडकी उघडी. उदबत्ती पेटवून दारात धरा. धूर आत, शेगडीकडं वाकला पाहिजे.

रंकाळ्याचा_वारा
22 मार्च, सकाळी 7.50

वाकला! दारात धरलेली उदबत्ती चक्क आडवी झाली. सकाळी मिरचीची फोडणी देऊन बघितली, सोप्यात बाबांना कळलंच नाही. त्यांनी हाक मारून विचारलं, आज नाश्ता नाही का म्हणून.

सुगरण_बावडा
22 मार्च, सकाळी 9.15

फोडणीच्या दोन मिनिटं आधी लावायचा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायचा. धूर झाल्यावर लावला तर तो आधीच पसरलेला असतो.

दोन महिन्यांनी पाती पुसायची. मेन बंद करून. कोमट पाणी, भांड्याचा साबण, फडकं पिळून घेतलेलं. मोटारीवर पाणी मारायचं नाही. पाती अॅल्युमिनियमची असतील तर कॉस्टिक सोडा चुकूनही नको, धातूच खाऊन टाकतो, आणि एक पातं हलकं झालं की पंखा थडथडतो.

रंकाळ्याचा_वारा
14 एप्रिल, रात्री 9.20

चटणी झाली. तीन किलो आत, तीन किलो परड्यात. घरात एकही शिंक नाही. पण झरोक्याच्या पलीकडं बोळ आणि बोळापलीकडं काकूंची जेवणाची खोली, हे मी विसरलो होतो. काका जेवता जेवता उठले. काकू दारात येऊन म्हणाल्या, "चटणी तुमची, ठसका आमचा?" त्यांचं बरोबरच आहे. शिवाय भिंत पश्चिमेची, जूनमध्ये पाऊस सरळ तोंडावर येणार.

उद्यमनगर_लेथ
14 एप्रिल, रात्री 10.06

दोन्हींवर एकच इलाज, पत्र्याचं टोपडं. वरून आणि तिन्ही बाजूंनी बंद, खालून उघडं. धूर सरळ समोर न जाता खाली बोळात उतरतो, तिथून पसरतो. वाऱ्याची थाप पण पंख्याला बसत नाही.

माप चुकवू नका. पंख्याचं तोंड 50 चौरस इंच, तर टोपड्याची खालची उघडी जागा त्याहून कमी नको. 12 इंच रुंद आणि भिंतीपासून 6 इंच पुढं आलेलं केलं तर 72 होतात. जाळी लावली तरी पुरतात. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, कबुतर अडतं. मच्छरची बारीक जाळी लावली तर महिन्याभरात तेलानं बुजते. पत्रा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला. इकडं कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं मोकळे तुकडे पडलेले असतात, कागदावर चित्र काढून द्या.

आणि चटणीच्या दिवशी काकूंना आधी सांगत जा, पत्र्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रंकाळ्याचा_वारा
20 एप्रिल, रात्री 8.30

टोपडं बसलं, 750 रुपये. खिशात चार हजार आहेत म्हणालो होतो, म्हणून हिशेब देतो. पंखा 1,650, वायर 430, पट्टी आणि स्क्रू 120, चौकट जुन्या दाराच्या लाकडाची, वायरमन 600, गवंडी 500, टोपडं 750. एकूण 4,050. पन्नास रुपये वर गेले.

अर्थिंगचे 3,200 आणि आरसीसीबीचे 2,100 मी यात धरत नाही. ते पंख्याचे नाहीत, ते आधीच करायला हवे होते. रोज तीन तास धरले तर पंखा महिन्याला साडेतीन-चार युनिट खातो, तेवढं चालतंय.

आईचा खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्रीचा कमी आहे. औषध चालू आहे.

रंकाळ्याचा_वारा
16 जून, रात्री 11.40

पाऊस लागला. पाणी आत येत नाही, पण पंखा बंद असला की वाऱ्यानं झडपा रात्रभर टकटक करतात. आई म्हणते दारात कोणीतरी उभं आहे असं वाटतं. काही उपाय?

फेज_न्यूट्रल_काका
17 जून, सकाळी 6.50

दाराच्या कडेला लावायची मऊ फोमची पट्टी मिळते, मागं गोंद असलेली. झडपेची कड जिथं आपटते तिथं अर्धा-अर्धा इंच तुकडे चिकटवा. जाड घेऊ नका, नाहीतर झडप उघडी राहील. मेन बंद करून चढा.

रंकाळ्याचा_वारा
17 जून, रात्री 9.10

लावली. गप झाली.